बाटलीतले रोप आणि आठवड्याचे पाणी

स्वयंपाकघराच्या खिडकीत, देवघराच्या कोपऱ्यात किंवा दिवाणखान्यातील मेजावर पाण्याच्या बाटलीत वाढणारी मनीप्लांटची वेल आज कितीतरी घरांत दिसते. माती नाही, कुंडी नाही, खाली ओघळणारे गढूळ पाणी नाही. शेजारणीकडून आणलेला वीतभर फाटा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांत त्याला पांढरीशुभ्र मुळे फुटलेली पाहावीत, इतकी ही हौस सोपी आहे. मात्र या बरणीची निगा कशी राखता, असे विचारले, तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येते : ‘पाणी कमी झाले की वरून घालतो.’ आरोग्याच्या दृष्टीने नेमकी हीच सवय घातक आहे.

डेंग्यूचा प्रसार करणारा एडीस इजिप्ती हा डास गटारात वाढतो, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक त्याला साठलेले, स्वच्छ पाणी प्रिय. घराच्या आत, सावलीत, माणसांच्या सहवासात तो सुखाने राहतो आणि चावतो तो मुख्यतः दिवसा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरोघरी तपासणीस येतात, तेव्हा पिंपे आणि कूलर यांच्याबरोबरच मनीप्लांटच्या बाटल्या नि शोभेच्या बांबूची भांडीही पाहतात, ती याचसाठी.

या डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतील भिंतीवर. तेथे ती घट्ट चिकटून बसतात. भिंत सुकली तरी मरत नाहीत. कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात. पाण्याची पातळी वाढून ती भिजली की अळ्या बाहेर पडतात. आता ‘वरून पाणी घालणे’ म्हणजे काय होते, हे आपल्या ध्यानात येईल. आपण रोपाची तहान भागवत असतो आणि त्याच तांब्याने अंड्यांनाही पाणी पाजत असतो! उष्ण हवेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा होतो.

हा धोका केवळ आपल्याकडचा नव्हे. २००१ साली चीनमधून कॅलिफोर्नियात जहाजाने गेलेल्या ‘लकी बांबू’च्या मालात एडीसचाच भाऊबंद, एडीस अल्बोपिक्टस हा पट्टेरी डास आढळला. प्रवासात ताजी राहावीत म्हणून ती रोपे पाण्यात उभी करून पाठवली होती. (हा बांबू मुळात बांबू नव्हेच, तो ड्रॅसिना या आफ्रिकेतील वनस्पतीचा एक प्रकार. त्याने भाग्य उजळते की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय.)

तेव्हा पाणी वाढवू नये, बदलावे. आणि केवळ बदलून न थांबता भांडे आतून घासावे. अंडी ओतलेल्या पाण्याबरोबर जात नाहीत, ती भिंतीलाच राहतात. आठवड्यातील एक वार ठरवून रोप बाहेर काढावे, मुळे वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवावीत, बाटली घासायच्या ब्रशने आतला भाग, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळचा, खरवडून काढावा. जुने पाणी कोरड्या मातीवर ओतावे. आरोग्य खाते ज्याला ‘कोरडा दिवस’ म्हणते, त्याच दिवशी हे काम उरकले की वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. तळाशी रंगीत खडे घालण्याचा मोह आवरता आला तर उत्तम. खड्यांच्या फटींत अळ्या दडतात आणि खडे धुण्याचा कंटाळा आपल्याला हमखास येतो.

या साप्ताहिक स्नानाचा लाभ रोपालाही होतो. पाण्यात मुळे कुजतात ती पाणी अधिक झाल्यामुळे नव्हे, तर प्राणवायू कमी पडल्यामुळे. २० अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साडेसातच्या आसपास उतरतो. म्हणून उन्हाळ्यात बाटली उन्हातून हलवावी आणि मुळांचा वरचा थोडा भाग पाण्याबाहेर हवेत राहू द्यावा. फाटा कापताना पेराच्या खाली कापावा, कारण मुळे पेरातूनच फुटतात. पाण्यात बुडणारी पाने मात्र काढून टाकावीत. काच पारदर्शक असेल तर शेवाळ धरते. तपकिरी बाटलीत ते कमी होते.

निव्वळ पाण्यावर वनस्पती कशी जगते, याचे कुतूहल जुने आहे. जर्मन शास्त्रज्ञ युलिउस फोन झाख्स यांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले, की आवश्यक क्षार पाण्यात विरघळवून दिले तर मातीवाचूनही झाड वाढते. आपल्या नळाच्या पाण्यात हे क्षार अल्पच असतात. महिन्यातून एकदा द्रवरूप खत, वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्श्याने, पुरेसे होते. अधिक घातल्यास शेवाळच पोसले जाते.

घरात रांगते मूल असेल तर आणखी एक गोष्ट. मनीप्लांट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनिमा ही सारी अळूच्या कुळातील. कच्चे अळू घसा खवखवून सोडते ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक या पानांतही असतात. मुलाने पान चावले तर तोंड पुसून, थंड पाणी किंवा दूध द्यावे. ओठ-जीभ सुजली, गिळताना अथवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी तर लहान मुलांच्या घरात नकोतच. गिळले गेल्यास ते आतड्यात फुगून अडकू शकतात.

हवा शुद्ध करण्याचा दावा मात्र फारसा मनावर घेऊ नये. त्याचे मूळ ‘नासा’च्या १९८९ च्या प्रयोगांत आहे आणि ते बंदिस्त पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी हिशेब मांडला, की उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार रोपे लागतील. रोप ठेवावे ते डोळ्यांच्या सुखासाठी. हवेसाठी खिडकी उघडावी.

राहता राहिला गावी जाण्याचा प्रश्न. आठवड्याहून अधिक काळ घर बंद राहणार असेल, तर निघण्याच्या दिवशी बाटली घासून ताजे पाणी भरावे आणि देठाभोवती कापसाचा बोळा तोंडात घट्ट बसवावा. तोंड रुंद असेल तर मलमलचे फडके देठाभोवती ताणून बांधावे. परतल्यावर बोळा काढण्याआधी बाटली उजेडात धरून पाहावी. आत वळवळणारे काही दिसले, तर बोळा तसाच ठेवून ती अंगणात न्यावी आणि पाणी तेथेच कोरड्या मातीवर ओतावे.