नवी की जुनी? आधी कागद बघा!

"सेकंडहॅण्ड घेतली तर लोक काय म्हणतील?" आमच्या बचत गटातल्या एकीचा सवाल. यजमानांच्या फंडाचे पैसे आलेले, मुलांचा नवीचाच हट्ट. मैत्रिणींनो, नवी गाडी शोरूमबाहेर पडली की किंमत उतरलीच. दवाखाना, माहेर एवढंच फिरणं असेल तर जुनी काय वाईट? फक्त रंगाला भुलू नका. सातबाऱ्यावर असतो तसा आरसीवरही बँकेचा बोजा असतो. तो असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवाच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. किती उरली तेही मोजा. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या झाल्याशिवाय सगळी रक्कम देऊ नका. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्यायचा असतो, तो बहुतेकजण विसरतात. आणि हो, तुमचेही दागिने मोडणार असतील, तर आरसीवर नाव कुणाचं?