विश्लेषण : सर्व्हर रूममधील गॅस यंत्रणा आगीच्या वेळी चालेल, हे आधी कसे ओळखतात?

१३ मार्च २०१६, रविवारची रात्र. बँकॉकमधील सयाम कमर्शियल बँकेच्या मुख्यालयात, तळघरातील कागदपत्रांच्या दालनाजवळ अग्निसुरक्षा यंत्रणा सुधारण्याचे काम सुरू होते. आग कुठेही लागलेली नव्हती. तरीही दालनातील एरोसोल यंत्रणा सुरू झाली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. हवेतला ऑक्सिजन कमी झाल्याने हे घडल्याचे बँकेने तेव्हा सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेने आपल्या डेटा सेंटरमधील गॅस यंत्रणेची ठरवून चाचणी घेतली. तिथे माणसांना इजा झाली नाही, पण गॅस सुटतानाच्या प्रचंड आवाजाच्या हादऱ्याने हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि कार्ड व एटीएम सेवा सुमारे दहा तास ठप्प राहिली. आगीपासून वाचवणारी यंत्रणा तपासताना घात होऊ नये आणि तपासलीच नाही म्हणून ऐन वेळी दगाही होऊ नये, यासाठी काय केले जाते?

पाणी का चालत नाही?

सर्व्हर रूम, टेलिफोन एक्स्चेंज, विजेचे कंट्रोल पॅनेल अशा ठिकाणी पाणी मारले तर आगीइतकेच नुकसान पाण्याने होते. पूर्वी अशा जागी हॅलॉन वापरत. तो ओझोन थराला घातक ठरल्याने माँट्रियल करारानुसार विकसित देशांत त्याचे उत्पादन १९९४ मध्ये थांबले. त्याची जागा ‘क्लीन एजंट’नी घेतली. एचएफसी-२२७ईएसारखे वायू मुख्यत: ज्वाळेतील उष्णता शोषून घेतात, तर नायट्रोजन-अरगॉनचे मिश्रण ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १२-१३ टक्क्यांवर आणते. एरोसोलच्या डब्यात सिलिंडरसारखा दाब नसतोच. त्यातला घन पदार्थ पेटतो आणि पोटॅशियमच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण खोलीभर पसरून ज्वलनाची साखळी तोडतात.

गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे, मग चिंता कसली?

बहुतेक ठिकाणची पाहणी इथेच संपते. एचएफसीच्या सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि तो जोरात बाहेर पडावा म्हणून वरून नायट्रोजनचा दाब दिलेला असतो. गेज हा एकूण दाब दाखवतो, आत एजंट किती उरला ते नाही. त्यामुळे सिलिंडरचे वजन करावे लागते किंवा द्रवाची पातळी मोजावी लागते. अमेरिकेच्या एनएफपीए २००१ या मानकानुसार ही तपासणी दर सहा महिन्यांनी होते. एजंट पाच टक्क्यांहून जास्त किंवा तापमानाचा हिशेब करून दाब दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल, तर सिलिंडर भरून घ्यावा किंवा बदलावा लागतो. नायट्रोजन-अरगॉनचे सिलिंडर मात्र दाबावरूनच तपासता येतात, कारण तिथे दाब म्हणजेच गॅसचा साठा.

दाराला पंखा लावून काय मोजतात?

सिलिंडर भरलेला असला, तरी त्यातून सुटलेला गॅस खोलीत टिकला पाहिजे. एचएफसी दहा सेकंदांत बाहेर पडतो आणि ज्वाळा विझते. पण तापलेली तार तशीच असते. गॅस निघून गेला, ताजी हवा आली, की आग पुन्हा धरते. म्हणून आवश्यक प्रमाण किमान दहा मिनिटे टिकावे, असा संकेत आहे. एचएफसी-२२७ईए हवेपेक्षा जवळपास सहापट जड आहे. हवेत मिसळल्यावरही ते मिश्रण खाली बसू पाहते, जमिनीलगतच्या फटींतून झिरपते आणि वरच्या फटींतून बाहेरची हवा आत येते. गच्च भरलेल्या टाकीची पातळी उतरावी तसेच हे होते. सर्वात आधी उघडा पडतो तो रॅकचा वरचा भाग.

हे प्रत्यक्ष गॅस सोडून पाहणे महागाचे, आणि बुखारेस्टमध्ये दिसले तसे जोखमीचेही. शिवाय एचएफसी-२२७ईएची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजारपटींहून अधिक आहे. म्हणून ‘डोअर फॅन टेस्ट’ केली जाते. दाराच्या चौकटीत कापडी किंवा पत्र्याचा पडदा घट्ट बसवतात आणि त्यात मोजणीची सोय असलेला पंखा लावतात. पंखा आधी हवा आत ढकलतो, मग बाहेर खेचतो. खोलीत ठरावीक दाब टिकवायला किती हवा लागली, यावरून सगळ्या फटी एकत्र केल्या तर केवढे भोक होईल हे कळते. त्यावरून गॅस किती मिनिटे टिकेल याचा हिशेब निघतो. पंखा चालू असतानाच धुराची कांडी फिरवली, की धूर कुठे ओढला जातो तेही दिसते.

फटी बहुधा ठरलेल्या जागीच सापडतात : फॉल्स सीलिंगच्या वर, फॉल्स फ्लोअरच्या खाली, न मिटणारा एसीचा डँपर, दाराखालची फट. आणि केबल. यंत्रणा बसवली त्या दिवशी खोली ठीक असते. दोन वर्षांनी नव्या इंटरनेट लाइनसाठी कोणी भिंतीला भोक पाडतो, केबल ओढतो आणि भोक तसेच सोडून जातो. हे करणाऱ्याचा आणि गॅस यंत्रणेच्या कंत्राटदाराचा एकमेकांशी काही संबंध नसतो. म्हणूनच खोलीत काही बदल झाले का, हे किमान वर्षातून एकदा पाहावे, असे मानक सांगते.

खोली हवाबंद करण्यालाही मर्यादा आहे. नायट्रोजन-अरगॉन यंत्रणेत खोलीच्या आकारमानाच्या साधारण ४० टक्के इतका वायू मिनिट-दोन मिनिटांत आत येतो. दाब सोडणारी झडप नसेल, तर हलक्या पार्टिशनच्या भिंती उखडू शकतात.

यंत्रणा सुटू न देता कशी तपासतात?

साधारण रचना अशी : एका डिटेक्टरने धूर टिपला की फक्त भोंगा वाजतो. दुसऱ्याने दुजोरा दिला की एसी बंद होतो, डँपर मिटतात आणि सुमारे ३० सेकंदांची उलटी गणती सुरू होते, तेवढ्यात माणसांनी बाहेर पडायचे. चुकीचा इशारा असेल तर अॅबॉर्ट स्विच दाबून गॅस रोखता येतो. चाचणीत हा सगळा क्रम कृत्रिम धुराने प्रत्यक्ष चालवला जातो. मात्र त्याआधी सिलिंडर उघडणारे सोलेनॉइड काढून त्याजागी बल्ब किंवा मीटर लावतात. बल्ब पेटला, म्हणजे पॅनेलचा आदेश सिलिंडरपर्यंत पोहोचला.

धोका या काढण्या-जोडण्यातच आहे. सोलेनॉइड काढायचे राहिले, तर खोलीत माणसे असताना यंत्रणा सुटू शकते. परत जोडायचे राहिले तर पॅनेल, भोंगे, दिवे सगळे उत्तम चालते, फक्त गॅस कधीच सुटत नाही, आणि सोलेनॉइड निघाल्याचा इशारा देणारी सोय पॅनेलमध्ये नसेल तर हे आग लागेपर्यंत कोणाला कळत नाही. काढलेले आणि लावलेले भाग दोन जणांनी मोजून नोंदवणे, हा यावरचा एक उपाय.

चुकून सुटलेल्या यंत्रणेची किंमत भारताशी संबंधित एका पाणबुडीनेही मोजली आहे. ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात चाचण्या सुरू असताना रशियाच्या ‘नेर्पा’मध्ये अग्निशमन यंत्रणा विनाकारण सुरू झाली आणि २० जण दगावले. हीच पाणबुडी पुढे २०१२ मध्ये भाडेतत्त्वावर ‘आयएनएस चक्र’ म्हणून भारतीय नौदलात आली.

एरोसोलची तपासणी कशी करतात?

एरोसोलच्या डब्याला गेज नाही आणि वजनाचाही उपयोग नाही. उत्पादकाने दिलेली मुदत, डब्याला गंज किंवा ओल लागली आहे का आणि पेटवणाऱ्या तारेचे सर्किट अखंड आहे का, एवढेच पाहता येते. ते सर्किटही अतिशय क्षीण प्रवाहाने तपासावे लागते. साध्या मीटरचा प्रवाह जास्त असेल, तर तपासणीतच डबा पेटू शकतो. डबा सुटला की खोलीत काही दिसेनासे होते आणि त्याचे तोंड प्रचंड तापते. त्यामुळे त्याच्यासमोर नंतर कोणी खोकी रचली नाहीत ना, हेही पाहावे लागते.

महाराष्ट्रात नियम काय आहे?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांनी दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यायचे असते. यंत्रणा सुस्थितीत आणि कार्यक्षम असल्याची ग्वाही त्यात असते. सर्व्हर रूमपुरते बोलायचे तर त्या कागदासोबत तीन गोष्टी मागून घेता येतात : प्रत्येक सिलिंडरचे वजन, डोअर फॅन चाचणीत किती मिनिटे निघाली आणि चाचणीनंतर सोलेनॉइड पुन्हा जोडल्याची सहीनिशी नोंद.