विंडोज, मॅक, लिनक्स : सिस्टिम बदलताना

ऑपरेटिंग सिस्टिम : हार्डवेअर आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यातला दुवा सांभाळणारी मूळ प्रणाली.

तीन घराणी
- विंडोज : मायक्रोसॉफ्टची. पहिली आवृत्ती १९८५. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.
- मॅकओएस : फक्त ॲपलच्या संगणकांसाठी. आजची मालिका २००१ च्या मॅक ओएस टेनपासून.
- लिनक्स : लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू केलेला मुक्त कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. उबुंटू (२००४), फेडोरा, मिंट ही त्यावर उभी राहिलेली डिस्ट्रिब्युशन्स, म्हणजे वापरायला तयार संच.

हाताला जाणवणारे फरक
- कॉपी : विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल-सी, मॅकवर कमांड-सी.
- खिडकी बंद करणं : विंडोजवर बटण उजवीकडे, मॅकवर डावीकडे. मॅकवर खिडकी मिटली तरी बरेच प्रोग्राम चालूच राहतात. पूर्ण बंद करायला कमांड-क्यू.
- एंटर : विंडोजमध्ये निवडलेली फाइल उघडते, मॅकच्या फाइंडरमध्ये तिचं नाव बदलायला घेते.
- फाइलचं नाव : लिनक्सवर रोमन लिपीतल्या लहान-मोठ्या अक्षरांनी नाव वेगळं ठरतं, विंडोज आणि मॅकवर सहसा नाही.

बदलण्यापूर्वी
- सर्व फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा.
- डिस्कचा फॉरमॅट : एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) डिस्क मॅक वाचतो, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट तिन्हींवर चालतो.
- मराठी मजकूर : युनिकोडमधला तसाच दिसतो. जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमधला आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.
- मराठी टायपिंग : इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्हींवर उपलब्ध.
- लिनक्सची चाचणी : अनेक डिस्ट्रिब्युशन्स पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालवून पाहता येतात.