नेट बंद करायचा अधिकार नेमका कुणाचा?

शेतकरी बंधूंनो, पाऊस कधी यायचा हे आपल्या हातात नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. मोबाईलचं नेट बंद होणं हेही तसंच वरून येतं, अशी गावोगाव समजूत आहे. टॉवर बिघडला किंवा केबल तुटली तर गोष्ट निराळी. पण शासनानं नेट बंद केलं असेल, तर त्यामागं लेखी आदेश लागतो. त्यावर अधिकाऱ्याची सही लागते आणि त्याला मुदतही असते. हा आदेश कसा असतो, हे प्रत्येक गावानं समजून घ्यायला हवं.

कारण आपल्या जिल्ह्यानं हे भोगलेलं आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगाव आणि बीड इथं जाळपोळ झाली. संचारबंदी लागली आणि बीडमध्ये इंटरनेट बंद ठेवण्यात आलं. पुढं २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड या जिल्ह्यांत पुन्हा तीच वेळ आली.

आता ऑक्टोबरची अखेर म्हणजे आपल्याकडचे कोणते दिवस, ते आठवा. कापूस वेचणीला आलेला, सोयाबीन बाजारात न्यायचं, दसरा उरकून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत. मजुराला पैसे फोनवरून, बाजारभाव फोनवर, उचलीचा हिशेब फोनवर, रेशनचा अंगठाही नेटवरच्याच मशीनवर. २०२३ च्या पीकविम्यात तर अवकाळीनं नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं बंधन होतं. अशा दिवसांत नेट गेलं की आंदोलनाशी ज्याचा काही संबंध नाही, त्याचाही व्यवहार अडतो.

प्रशासनाचं म्हणणं असं, की दंगलीच्या वेळी एक खोटी चित्रफीत दहा गावं पेटवू शकते. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण नेट बंद केल्यानं अफवा थांबते, तशी खरी बातमीही थांबते. म्हणूनच कायद्यानं या अधिकाराला वेसण घातली आहे.

पूर्वी १८८५ चा तार कायदा होता. त्या काळात अनेक ठिकाणी जिल्हाधिकारी जमावबंदीच्या कलम १४४ खाली नेट बंद करायचे. २०१७ मध्ये केंद्रानं खास नियम केले आणि हा अधिकार गृह सचिवांकडं दिला. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं, की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि आदेश लोकांसमोर प्रसिद्ध करावा लागेल. इंटरनेटवरून बोलणं आणि धंदा करणं यालाही घटनेचं संरक्षण आहे, असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका आदेशाला जास्तीत जास्त १५ दिवसांची मर्यादा घातली गेली.

पुढं दूरसंचार कायदा, २०२३ आला आणि त्याखालचे नवे नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाले. त्यातल्या मुख्य गोष्टी ध्यानात ठेवा. राज्यात हा आदेश गृह सचिव काढतात. अगदीच अडचण असेल तर त्यांनी नेमलेला सहसचिव दर्जाचा अधिकारी काढू शकतो. पण २४ तासांत वरून मंजुरी आली नाही, तर तो आदेश आपोआप संपतो. आदेशात कारण, कोणता भाग आणि किती काळ, हे लिहावं लागतं. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती पाच दिवसांच्या आत तो आदेश तपासते. म्हणजे तहसीलदार, ठाणेदार किंवा जिल्हाधिकारी यांना आपल्या सहीनं नेट बंद करता येत नाही. ते वर प्रस्ताव पाठवू शकतात, इतकंच.

मग गावानं काय करावं? सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी (आपले पूर्वीचे ग्रामसेवक नि तलाठी) यांनी नेट बंद झालं की आधी तहसीलला फोन करून विचारावं : आदेश आहे की बिघाड आहे? आदेश असेल तर त्याची तारीख, भाग आणि मुदत पंचायतीच्या फळ्यावर लिहून लावावी. त्यानं निम्म्या अफवा तिथंच विरतात. आदेशाची प्रत मिळवून दप्तरी ठेवावी. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागावी. त्या दिवसांत कुणाचा अर्ज किंवा हप्ता चुकला, तर मुदतवाढ मागताना हाच कागद जोडता येतो. तोंडी सांगितलेलं कचेरीत टिकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

शेतकरी बंधूंनीही थोडी तजवीज करावी. अशा बंदीत बहुतेक वेळा साधा फोन आणि संदेश चालू असतात. बँकेत नोंदवलेल्या नंबरावरून *९९# फिरवलं की नेटशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पैसे पाठवता येतात. साध्या बटणाच्या फोनवरूनही. मात्र ही सोय आधीच सुरू करून, दहा-वीस रुपये पाठवून बघावी. विम्याचा आणि बँकेचा टोल-फ्री नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. अर्ज शेवटच्या दिवसावर ढकलू नये, आणि सुगीच्या दिवसांत मजुरीपुरती रोकड घरात असू द्यावी.

शांतता राखणं हे शासनाचं काम आहे, आणि आपलंही. पण नेट बंद झालं की आदेशाचा कागद कुठं आहे, हे विचारण्यात कसलाही गुन्हा नाही.