आग विझल्यानंतर: जळितांचे रुग्ण आणि रिकाम्या खाटांचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. विषय जड आहे, पण समजून घेण्यासारखा आहे.

मोठी आग लागली की आपल्यापर्यंत तीन गोष्टी पोचतात. किती जण गेले, कोणाला अटक झाली आणि सरकारने किती लाख जाहीर केले. जखमींबद्दल एकच ओळ असते, ‘त्यांच्यावर उपचार सुरू आहेत’. आज मला या एका ओळीबद्दल बोलायचंय. कारण आगीतून जिवंत बाहेर आलेली माणसं पुढे जगणार की नाही, हे बरंचसं पुढच्या काही दिवसांतल्या नियोजनावर ठरतं.

रोमानियाचं उदाहरण घेऊ. ३० ऑक्टोबर २०१५ च्या रात्री बुखारेस्टमधल्या ‘कोलेक्टिव्ह’ नावाच्या क्लबमध्ये गाण्याचा कार्यक्रम चालू होता. शोभेच्या दारूच्या ठिणग्या फोमवर पडल्या आणि सगळं पेटलं. एकूण ६४ जण गेले. पण जागेवर गेले होते २६. उरलेले ३८ जण आगीतून जिवंत बाहेर आले होते, रुग्णालयापर्यंत पोचले होते.

असं का होतं? त्यासाठी भाजणं म्हणजे काय ते पाहू. त्वचा गेली की शरीरातलं पाणी राहत नाही. ६० किलो वजनाचा माणूस ४० टक्के भाजला, तर प्रचलित सूत्राप्रमाणे पहिल्या २४ तासांत त्याला साधारण साडेनऊ लिटर सलाईन लागतं, आणि त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, रुग्णालयात पोचल्यापासून नाही. म्हणजे रुग्णवाहिका दोन रुग्णालयं फिरत बसली तर तो वेळ यातूनच वजा होतो. बंद जागेतल्या आगीत धूर श्वासात जातो. बाहेर चालत आलेला, बोलणारा माणूससुद्धा काही तासांत घसा सुजून गुदमरू शकतो. आणि हे सगळं निभावलं, की काही दिवसांनी जंतुसंसर्गाचा धोका सुरू होतो. उघड्या जखमेला रुग्णालयातले चिवट जंतू सोडत नाहीत.

म्हणून जळिताच्या रुग्णाला नुसती खाट पुरत नाही. वेगळी खोली लागते, प्रशिक्षित परिचारिका लागतात, पुन्हा पुन्हा ऑपरेशन थिएटर लागतं. एकेका ड्रेसिंगला तासन् तास जातात. अशा खाटा कोणत्याही देशात मोजक्याच असतात. एका रात्रीत शंभर रुग्ण आले, तर श्रीमंत देशाचीही व्यवस्था अपुरी पडते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ते वेळेवर मान्य न करणं मात्र जिवावर बेततं.

रोमानियात नेमकं तेच झालं. आपल्याकडे सगळं आहे, असं सरकार सांगत राहिलं. काही रुग्ण परदेशी गेले, पण बऱ्याच जणांच्या बाबतीत उशीर झाला. नवव्या दिवशी एका रुग्णाला विमानाने झुरिकला नेत असताना त्याचा वाटेतच मृत्यू झाला. पुढे एप्रिल २०१६ मध्ये एका क्रीडा दैनिकाच्या पत्रकारांनी उघड केलं, की देशातल्या रुग्णालयांना पुरवलेलं जंतुनाशक पाणी घालून पातळ केलेलं होतं. मे महिन्यात आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

या अनुभवानंतर युरोपने एक गोष्ट आधीच ठरवून ठेवली. सामूहिक जळिताची घटना झाली, की देशाने आपली क्षमता संपल्याचं लगेच कळवायचं. ब्रसेल्समधलं २४ तास चालणारं समन्वय केंद्र इतर देशांना विचारतं, ‘तुमच्याकडे किती खाटा रिकाम्या आहेत?’ जळिततज्ज्ञांचं पथक येऊन प्रत्येक रुग्ण तपासतं आणि कोणाला हलवायचं, कोणाला नाही, ते सांगतं. संसर्ग पसरायच्या आत, रुग्ण प्रवास सोसू शकतो तोवरच हे व्हावं लागतं.

१६ मार्च २०२५ ला उत्तर मॅसेडोनियातल्या कोचानी गावी एका क्लबला आग लागली. तिथेही कारण शोभेच्या ठिणग्याच. पहिल्याच दिवशी मृतांचा आकडा ५९ होता, जखमी दीडशेहून जास्त. देशाची लोकसंख्या जेमतेम १८ लाख. तो युरोपीय संघाचा सदस्यही नाही, पण या यंत्रणेत सहभागी आहे. त्यांनी लगेच मदत मागितली आणि पुढच्या काही दिवसांत शंभराहून अधिक जखमी बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस, तुर्की, लिथुआनिया अशा देशांत पोचले. तरी काही जण नंतर गेलेच. नियोजनाने सगळे वाचत नाहीत. पण खाट नव्हती म्हणून गेला, असं होणं टळू शकतं.

आता नातेवाइकांचं. मुलगा जखमींत आहे की मृतांत, हेच माहीत नसतं. चेहरा ओळखू येत नाही, डीएनए चाचणी करावी लागते. अशा वेळी सगळ्या रुग्णालयांची मिळून एकच यादी हवी, एकच फोन नंबर हवा आणि प्रत्येक कुटुंबासाठी एक ठरलेला माणूस हवा. रुग्ण दुसऱ्या गावी किंवा देशात गेला तर सोबतच्या माणसाची राहायची सोय आणि दुभाषी हवा. त्यातही घरी सोडणं म्हणजे शेवट नव्हे. कातडी आखडते, फिजिओथेरपी चालते, घट्ट कपडे वर्षभर किंवा त्याहून जास्त घालावे लागतात, पुन्हा शस्त्रक्रिया होतात. झोप लागत नाही, नोकरी सुटते. एकरकमी मदत यातल्या कितीशा गोष्टींना पुरणार?

आपल्यासाठी यातून काय घ्यायचं? पुढच्या वेळी आगीची बातमी आली, की एक प्रश्न जरूर विचारा: जळितांच्या किती खाटा, कुठे, आणि रुग्ण तिकडे हलवायचा निर्णय कोण घेतंय?

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. त्वचादान. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत, १८ वर्षांवरील व्यक्तीची त्वचा दान करता येते. साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पाय, पाठ इथला फक्त पातळ वरचा थर घेतात, रक्तगट जुळावा लागत नाही. ही त्वचा कायमची चिकटत नाही, पण जखम झाकते, पाणी धरून ठेवते, संसर्ग रोखते. नीट साठवली तर ५ वर्षांपर्यंत टिकते. मुंबईत सायन रुग्णालयात, ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. काही आजारांत दान घेत नाहीत, ते पेढीवाले तपासून सांगतात. घरच्यांशी आजच बोलून ठेवा. त्या ६ तासांत फोन त्यांनाच करायचा असतो.