भिंतींनी खाल्लेली जागा

गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून वडूजला आला तो लॅपटॉप घेऊनच. अंगणात पोरं किल्ल्यासाठी माती कालवत होती आणि हा ओसरीवर मांडी ठोकून तुरुंग बांधत होता. ‘प्रिझन आर्किटेक्ट’ हा खेळ इंट्रोव्हर्जन या ब्रिटिश कंपनीनं बनवला. २०१५ साली तो पूर्ण स्वरूपात बाजारात आला. मोकळी जमीन, मोजका पैसा आणि दारात उभी राहणारी कैद्यांची गाडी एवढं आपल्या हाती मिळतं. पुढचं सगळं आपण आखायचं.

“मामा, जागाच पुरत नाही,” तो म्हणाला. मी चष्मा लावून शेजारी बसलो आणि दोन दिवस उठलो नाही.

खेळातली कोठडी कमीत कमी दोन बाय तीन चौकोनांची लागते. आत एक खाट, एक शौचकूप. म्हणजे माणसाला सहा चौकोन. पण या खेळात भिंतही अख्खा चौकोन खाते. आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. पाठीला पाठ लावून कोठड्यांच्या रांगा, समोरासमोरच्या रांगांत दोन चौकोनांचा बोळ. भिंती आणि बोळ निम्मे-निम्मे वाटून घेतले तरी एका कोठडीमागे साडेसोळा चौकोन जातात. माणूस राहतो सहात, उरलेले साडेदहा भिंतींना आणि पहारेकऱ्याच्या पावलांना. भाच्यानं बोळ अरुंद केला, भिंती सामाईक केल्या, शेवटी कोठड्या मोडून मोठी बराक केली. तेव्हा जागा वाचली, पण मारामाऱ्या वाढल्या. भोजनगृह लांब पडलं तर जेवणाची वेळ चालण्यातच सरते, कैदी उपाशी राहतात आणि दंगा होतो. आखणी करताना चौरस मीटर मोजावे लागतात, तशी मिनिटंही मोजावी लागतात, हे मला त्या पडद्यावर कळलं.

मग खरा आकडा काढला. केंद्रीय गृहमंत्रालयाची २०१६ची आदर्श कारागृह नियमपुस्तिका बराकीत दर कैद्यामागे ३.७१ चौरस मीटर जमीन सांगते, तर एकट्याच्या कोठडीला ८.९२. ३.७१ म्हणजे साधारण ४० चौरस फूट. आम्ही टेप घेतला आणि ओसरीच्या फरशीवर खडूनं साडेसहा फूट लांब आणि सहा फुटांहून थोडा रुंद चौकोन काढला. भाचा त्यात आडवा झाला. पाय लांब केले, उशाशी कपड्यांची पिशवी ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. कडेनं चालायला थोडी वाट उरली. पण २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत शंभरांच्या जागेत १३१ माणसं होती. त्या हिशेबानं चौकोन साधारण ३० चौरस फुटांवर येतो. आम्ही खडूची रेघ पुसून आत ओढली. तांब्या रेघेबाहेर गेला. भाचा कुशीवर वळला, तर त्याचा गुडघाही. ही झाली देशाची सरासरी. काही तुरुंगांत तेवढंही मिळत नाही.

तुरुंग बांधणाऱ्यांनी आजवर डोकं लावलं ते मुख्यतः नजरेसाठी. जेरेमी बेंथमनं १७९१ साली मधल्या मनोऱ्यावरून सगळ्या कोठड्या दिसतील अशा गोल इमारतीची कल्पना छापली. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये मधल्या मनोऱ्यापासून सात तीन-मजली फांद्या निघाल्या, आणि एका फांदीची दारं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये. सांगलीचा तुरुंग गणेशदुर्गात, तट आणि खंदकासकट. २४ जुलै १९४३ला स्वातंत्र्यलढ्यातले कैदी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी तो तट ओलांडून गेले. दादा गोळीनं जखमी झाले, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले. त्याआधीच्या वर्षी, ९ सप्टेंबरला, आमच्या वडूजच्या कचेरीवर याच लढ्यातला मोर्चा गेला होता आणि परशुराम घार्गे यांच्यासह माणसं गोळीबारात पडली होती. तुरुंग आणि कचेरी या भागातल्या घराघराला ठाऊक आहेत ते असे.

आणि वडूजच्याच खटाव तालुक्यातल्या औंधच्या संस्थानानं भिंतीविना तुरुंग करून पाहिला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारवाले बाळासाहेब. गांधीजींच्या सल्ल्यानं जानेवारी १९३९मध्ये त्यांनी प्रजेच्या हाती कारभार दिला. त्या कामात त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर. बंगळुरूतली नोकरी सोडून तो औंधात आला होता, लोक त्याला भारतानंद म्हणत. त्याच वर्षी संस्थानच्या आटपाडी भागात स्वतंत्रपूर वसलं. जन्मठेपेच्या कैद्यांनाही इथं शेती दिली आणि बायकामुलांना सोबत आणू दिलं. वसाहत आजही आहे, आता राज्याच्या कारागृह विभागाकडे. वडूजहून दहिवडी, म्हसवड, दिघंची करत गेलं की आटपाडी. माणदेशाचं कोरडं रान आणि डाळिंबाच्या बागा.

शेटफळ्यात जन्मलेल्या आणि याच संस्थानात शिकलेल्या गदिमांनी, म्हणजे ग. दि. माडगूळकरांनी, ती गोष्ट कथेत घातली. व्ही. शांताराम यांनी तिचा १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ केला. पडद्यावर सहा खुनी आहेत, ओसाड माळ आहे, एक जेलर आहे. चित्रपट मला प्रिय आहे. तरीही स्वतंत्रपूरची खरी करामत त्यात उतरलेली नाही असं मला वाटतं, कारण ती संसारात आहे. पडद्यावरची गोष्ट मुख्यतः कैदी आणि जेलर यांची आहे. स्वतंत्रपुरात चूल पेटते, पोर शाळेला जातं. आमच्या खेळात भेटीची खोली आहे, टेबलाच्या दोन बाजूंना बसायचं, वेळ संपली की उठायचं. घर देण्याची सोय त्यात आम्हाला सापडली नाही.

आमच्या कागदावरचे साडेदहा चौकोन पुन्हा बघा. भिंती, बोळ आणि हिशेबात न धरलेली दुहेरी दारं, तट, पहाऱ्याची चौकी ही सगळी अविश्वासाची जागा. स्वतंत्रपुरात तीच जमीन पेरायला मिळाली.

“मग पळत का नाहीत?” भाच्यानं विचारलं. खुल्या वसाहतीत सरसकट कोणालाही पाठवत नाहीत. शिक्षा झालेली, बंद तुरुंगात काही वर्षं चांगल्या वर्तणुकीनं काढलेली माणसं निवडली जातात. बायकापोरं इथंच, पीक उभं. पळून जायचं कुठं आणि कुणाला सोडून?

पण शिक्षा झालेली हीच अट बहुतेकांना बाहेर ठेवते. २०२२च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. त्यांचा खटला अजून चालू होता, गुन्हा शाबीत व्हायचा होता. खुन्याला शिक्षा भोगता भोगता शेत मिळू शकतं. तारखेची वाट पाहणाऱ्याला ते मिळत नाही, तो बराकीत, ३० चौरस फुटांत. फरशीवरची खडूची रेघ भाऊबीजेपर्यंत तशीच होती. येता-जाता आम्ही ती ओलांडून जात होतो.