शेवटचे तेरा सेकंद कोणाचे?

खेळामागचा खेळ : लेखांक ८

अमेरिकन फुटबॉलमधला चार प्रयत्न आणि दहा यार्डांचा हिशेब मागच्या लेखात आपण पाहिला. तो हिशेब ज्याच्या जिवावर जमतो किंवा बिघडतो तो क्वार्टरबॅक. चेंडू हातात आला की त्याच्यापाशी जेमतेम अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात बचावफळी कुठे सरकते आहे ते ओळखायचं, धावत सुटलेल्या साथीदारांपैकी कोण मोकळा होणार ते ताडायचं आणि तो तिथे पोहोचायच्या आतच चेंडू सोडायचा. समोरून सव्वाशे किलोची माणसं अंगावर येत असताना हे सगळं करायचं.

त्यामुळे एखाद्या संघाने कोवळा क्वार्टरबॅक निवडला की त्या गावात वाद सुरू होतो. पोरगा सुधारतोय का, आणि ऐन मोक्याला टिकतो का? चाहते हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारतात आणि एकाच्या उत्तराने दुसऱ्याचा निकाल लावतात. माझं म्हणणं असं की हे प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर खेळाडूवर अन्याय होतो. बफेलो बिल्सच्या जॉश ॲलनची कारकीर्द याचा सगळ्यात बोलका पुरावा आहे.

ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावचा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला बोलावलं नाही. आधी एका छोट्या कॉलेजात आणि मग वायोमिंग विद्यापीठात तो खेळला. हाताची ताकद अफाट, पण नेम कच्चा. वायोमिंगमध्ये त्याच्या शंभरातल्या छप्पनच फेकी साथीदाराच्या हाती पडत. तरीही २०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बफेलोने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. ताकद उपजत असते तसा नेमही उपजतच असतो, तो शिकवता येत नाही, असं तेव्हा अनेक जाणकार ठामपणे सांगत होते. पहिल्या हंगामाने त्यांनाच दुजोरा दिला. अचूकता ५२.८ टक्के, टचडाउन १० आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिलेले चेंडू १२.

पुढच्या वर्षी अचूकता ५८.८ टक्क्यांवर गेली. २०२०मध्ये ती थेट ६९.२ झाली आणि टचडाउन ३७. दोन वर्षांत सोळा टक्क्यांहून मोठी झेप या खेळात क्वचितच दिसते.

ती आली कुठून, हे नीट पाहायला हवं. सुटीच्या महिन्यांत फेकीचे प्रशिक्षक जॉर्डन पामर यांच्याकडे त्याने फेकण्याची क्रिया मुळापासून पुन्हा बांधली. फेकीचा जोर पायांतून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि शेवटी हातात यायला हवा. ॲलनचा दणकट हात कमरेची वाट न पाहताच पुढे पळे आणि नेम चुके. हा क्रम बसवायला हजारो फेकी लागतात आणि त्या बघायला स्टेडियममध्ये कोणी नसतं. शिवाय आक्रमणाची आखणी करणारे ब्रायन डेबॉल त्याला पहिल्या दिवसापासून सलग चार हंगाम लाभले. दर वर्षी नवा प्रशिक्षक आणि नवी परिभाषा, असं त्याच्या वाट्याला आलं नाही. मार्च २०२०मध्ये बफेलोने स्टीफॉन डिग्जला आणलं. त्या हंगामात डिग्जने १२७ चेंडू पकडले, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. मेहनत ॲलनची होती, पण ती फळावी अशी जमीन संघाने त्याला दिली.

हीच जमीन न मिळालेले त्याच वर्षीचे दोघे आठवून बघा. दहाव्या क्रमांकावरच्या जॉश रोझनला ॲरिझोनाने एका हंगामातच दुसरीकडे पाठवलं आणि त्याची गाडी पुन्हा रुळावर आली नाही. तिसऱ्या क्रमांकावरच्या सॅम डार्नल्डला न्यूयॉर्क जेट्सने तीन वर्षांनी सोडलं. तोच डार्नल्ड २०२४च्या हंगामात मिनेसोटाकडून १४ सामने जिंकून बसला. पहिल्या दोन वर्षांत पोराची पत्रिका मांडणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता ऐन मोक्याचा प्रश्न. जानेवारी २०२०मध्ये ह्यूस्टनविरुद्ध प्लेऑफमध्ये बफेलो १६-० ने पुढे होता. आघाडी निसटू लागली तशी ॲलनची घालमेल वाढली. पकडला गेलेला असतानाच त्याने चेंडू मागे साथीदाराकडे भिरकावून पाहिला. प्रत्येक डाव एकट्याने वाचवायचा त्याचा अट्टहास तिथे उघड दिसला. सामना २२-१९ असा गेला आणि 'दबावात याचं डोकं फिरतं' हा शिक्का बसला.

दोन वर्षांनी, २३ जानेवारी २०२२ला, कॅन्सस सिटीत काय झालं ते सविस्तर सांगायलाच हवं. समोर होता यजमानांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स. २०१७च्या ड्राफ्टमधला आपला दहावा क्रमांक बफेलोने कॅन्सस सिटीला दिला आणि त्याच क्रमांकावर त्यांनी महोम्सला निवडलं, ही ठसठस बफेलोच्या चाहत्यांच्या मनात आधीपासून होतीच. दोन मिनिटांच्या आसपास वेळ उरला असताना बफेलो पिछाडीवर होता. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि हवे होते तेरा यार्ड. ॲलनने शांतपणे गेब्रियल डेव्हिसला सत्तावीस यार्डांचं टचडाउन फेकलं. महोम्सने उत्तर दिलं. ॲलन पुन्हा मैदान चालून गेला आणि तेरा सेकंद राहिले असताना डेव्हिसलाच चौथं टचडाउन दिलं. धावफलक ३६-३३.

याहून अधिक क्वार्टरबॅकने काय करायचं? त्यानंतरचे तेरा सेकंद त्याने बाजूच्या रेषेवर उभं राहून पाहिले. बफेलोने चेंडू थेट शेवटच्या रेषेपलीकडे लाथाडला, त्यामुळे घड्याळातला एक सेकंदही गेला नाही. तो आखूड मारला असता तर उचलून पळण्यातच काही सेकंद सरले असते. मग बचावफळी फार मागे थांबली. महोम्सने दोन फेकींत ४४ यार्ड काढले आणि हॅरिसन बटकरने ४९ यार्डांवरून बरोबरी साधली. ओव्हरटाइमची नाणेफेक कॅन्सस सिटीने जिंकली, पहिल्याच डावात टचडाउन केलं आणि तेव्हाच्या नियमाने सामना संपला. ४२-३६. ॲलनच्या हाती चेंडू आलाच नाही. २०१९च्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात चौकारांच्या मोजणीने विश्वविजेता ठरला तेव्हा आपल्याकडे जी चीड उसळली होती, तीच इथेही उसळली. दोनेक महिन्यांत लीगने प्लेऑफसाठी तो नियम बदलला.

तरी महोम्सपुढे ॲलन कमी पडतो, हे पालुपद थांबलं नाही. २०२१ ते २०२४ या चारही हंगामांत साखळीत बफेलोने कॅन्सस सिटीला हरवलं आहे. प्लेऑफमधले चार पराभव खरे आहेत, पण जानेवारी २०२४चा २७-२४ हा पराभव टायलर बासची ४४ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेल्यावर पक्का झाला. १९९१चा सुपर बोल स्कॉट नॉरवुडच्या अशाच किकने एका गुणाने गमावलेल्या शहराला ही जखम नवी नव्हती. मोक्याचा खेळाडू असं ज्याला म्हणतात त्याच्या खात्यात लाथ मारणाऱ्याचा पाय, बचावफळीची जागा आणि नाण्याची बाजूही जमा होते.

मग ऐन वेळी टिकणं असं काही नसतंच का? बेसबॉलमध्ये डिक क्रेमर यांनी १९७७मध्ये आकडे तपासून असाच निष्कर्ष काढला होता. एका हंगामात मोक्याला चमकलेला फलंदाज पुढच्या हंगामात तसाच चमकतो असं त्यांना दिसलं नाही. पुढे बेसबॉलच्याच आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी हरकत घेतली : मोक्याचे प्रसंग इतके थोडे असतात की खरा गुण असला तरी आकड्यांच्या गर्दीत तो दिसणार नाही. मला जेम्स यांचं म्हणणं पटतं. म्हणून मी निकालाऐवजी निर्णय पाहतो. पकडला गेल्यावर चेंडू भिरकावणारा ॲलन आणि चौथ्या प्रयत्नाला मोकळा माणूस शोधणारा ॲलन यांच्यात दोन वर्षांचं शिक्षण आहे, आणि ते दोन्ही सामन्यांच्या चित्रफितीत कोणालाही दिसेल.

जानेवारी २०२५मध्ये तो प्लेऑफमध्ये कॅन्सस सिटीकडून पुन्हा ३२-२९ असा हरला. शेवटच्या प्रयत्नात बचावपटू मोकळे अंगावर आले. मागे सरकत, तोल जाताना त्याने डाल्टन किनकेडच्या दिशेने चेंडू उंच सोडला. किनकेडने झेप घेतली, पण चेंडू हाती टिकला नाही. काही दिवसांतच ॲलनला त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आलं. बफेलोत मात्र त्या फेकीवरचा वाद चालूच राहिला. मी ती फेक पुन्हा पुन्हा पाहिली आहे. त्या क्षणी मैदानावर त्याहून चांगला पर्याय मला सापडलेला नाही.

पुढच्या लेखात : ओव्हरटाइमचा नवा नियम आणि नाणेफेक जिंकल्यावर चेंडू आधी घ्यावा की नंतर.